गाडीचा कणा, माणसाचा कणा



आपल्या भाषेत 'कणा' हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. माणसाच्या पाठीतील हाडांची माळ म्हणजे कणा. आणि बैलगाडीची दोन चाके ज्या आडव्या दांड्याच्या टोकांवर फिरतात, त्यालाही आपला शेतकरी कणाच म्हणतो. ज्याच्यावर सारा भार एकवटतो आणि जे मोडले म्हणजे गाडा जागच्या जागी बसतो, त्या वस्तूला आपल्या पूर्वजांनी एकच नाव देऊन ठेवले आहे. आज आम्हांस या दोन्ही कण्यांची हकीकत एकत्र सांगावयाची आहे. गाडीचा कणा दुरुस्त करता करता दुरुस्त करणाराचा कणा का झिजतो, आणि तो झिजू नये म्हणून कोणी, केव्हा, काय केले, हा आमचा विषय.

ज्या जिल्ह्यात सिंदखेडराजासारखे जिजाऊंचे जन्मस्थान आहे, लोणारसारखे सरोवर आहे, त्या बुलढाणा जिल्ह्यात इतिहासाच्या व्याख्यानाला विषयांची वानवा नाही. मग हा गॅरेजातला विषय का, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच, की इतिहास जसा गडावर घडतो तसा तो रस्त्याच्या कडेलाही घडतो. फरक एवढाच की रस्त्याच्या कडेचा कोणी लिहून ठेवीत नाही. मलकापूर, नांदुरा, खामगाव या रस्त्याने जाताना ट्रकखाली पाठीवर पडलेला, फक्त पायच बाहेर दिसणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे तोंड मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. आज ते पाहण्याचा प्रयत्न करू.

प्रारंभ बैलगाडीपासून केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा कापूस पेठेत येई तो बैलगाड्यांतून. घाटावरचा माल घाटाखाली उतरायचा तर काळ्या मातीची चाकोरी आणि अजिंठ्याच्या डोंगरातील उतरण, दोन्ही ओलांडून यावे लागे. गाड्या मोडत, आरे निखळत, धावा सैल होत. त्या दुरुस्त करणारे दोघे : गावचा सुतार आणि गावचा लोहार.

त्यांचे काम हलके होते, असे आम्ही म्हणणार नाही. तापून लाल झालेली लोखंडी धाव चाकावर चढविणे हे तीन-चार माणसांचे आणि क्षणाच्या हिशेबाचे काम असे. सुतार उकिडवा बसून दिवसच्या दिवस वाकस चालवी; त्याचे गुडघे आणि कंबर दुखत नसतील असे कोण म्हणेल? परंतु त्या धंद्यात एक गोष्ट होती. गाडी मोकळी केली, एका बाजूने चारजणांनी उचलून टेकू दिला, की चाक निघून सुताराच्या पुढ्यात येई. काम माणसाकडे येई; माणसाला कामाखाली शिरावे लागत नसे. शिवाय काम हंगामाचे आणि बलुत्याचे. धाव चढवावयाची त्या दिवशी गाडीवाला, त्याचे भाऊबंद, आळीतली मंडळी हाताशी असत. एकट्या माणसाच्या पाठीवर सारा भार क्वचितच पडे.

आणि आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे मळतात. तूप-हळद लावून जू वाहणारी ती जागा चोळतात, शेकतात. वर्षभर ज्या खांद्याने भार वाहिला त्याची एक दिवस तरी विचारपूस व्हावी, ही त्यामागची बुद्धी. भार वाहणाऱ्या अवयवाची झीज होते आणि तिची काळजी घ्यावयाची असते, हे ज्ञान आपल्या शेतकऱ्याला कोणत्याही ग्रंथावाचून होते. या गोष्टीकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

यानंतर आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा आपल्या जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातून पुढे गेला आणि १८६७ साली नागपुरास पोहोचला. जलंबहून खामगावला जाणारी छोटी शाखा १८७० साली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते, कापसासाठीच उघडली गेली. या गाडीचे इंजिन चारजणांनी उचलून टेकू देण्याजोगे नव्हते. म्हणून इंजिनशेडमध्ये रुळांच्या मधोमध खड्डा बांधलेला असे. इंजिन वर उभे राही आणि फिटर खाली उभ्याने काम करी. मोठ्या कारखान्यांत तर डोक्यावरून चालणाऱ्या यारीने अवजड भाग उचलले जात. कंपनीला कामगाराच्या कमरेची दया आली म्हणून हे झाले, असा भ्रम आम्ही बाळगीत नाही. इंजिन जड होते, म्हणून यारी आली. इतकाच त्याचा अर्थ. परंतु परिणाम असा झाला की, वाहन जितके अवजड तितकी माणसाच्या पाठीची सुटका अधिक. यंत्राच्या इतिहासातला हा एक मासला आहे : जे माणसाला उचलणे अशक्यच असते त्यासाठी यंत्र आणले जाते, जे कसेबसे उचलता येते, ते माणसाच्या पाठीवर ठेवले जाते.

मोटार आली ती नेमकी या मधल्या वजनाची. १९१४ साली हिंदुस्थानात मोटारगाड्यांचा पहिला देशव्यापी कायदा झाला, १९३९ साली दुसरा. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या आणि देशभर मालवाहतुकीला लागल्या. १९५४ साली जमशेदपूरला टेल्को कंपनीने जर्मन कंपनीच्या साह्याने ट्रक बांधण्यास आरंभ केला. मद्रासकडे अशोक मोटर्सची १९५५ साली अशोक लेलँड झाली. पुढे ज्याला राष्ट्रीय महामार्ग ६ म्हणू लागले आणि ज्याचा क्रमांक आज ५३ आहे, तो सुरतेकडून नागपूर-कलकत्त्याकडे जाणारा रस्ता मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरूनच जातो. ट्रक वाढले तशी त्यांची मोडतोड वाढली, आणि रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली किंवा नुसत्या कडुनिंबाखाली, गॅरेज उभे राहिले.

या गॅरेजाला लोहाराच्या भात्याचा वारसा होता, पण रेल्वेच्या शेडचा नव्हता. खड्डा नाही, यारी नाही. ट्रकचे एक चाक, टायर-डिस्क मिळून, शंभर किलोच्या घरात जाते; गिअर बॉक्सही तितकाच किंवा अधिक जड. दोघा-तिघांनी जोर लावला तर हलतो, म्हणून त्यासाठी यंत्र नाही. बैलगाडीच्या काळी काम वर येई. इंजिनशेडमध्ये माणूस खड्ड्यात उभा राही. गॅरेजात मात्र माणूस जमिनीवर आडवा झाला. खाली पोते, पोत्याखाली खडी, डोळ्यांत माती, दोन्ही हात छातीच्या वर, मान उचललेली, आणि पोटावर अलगद उतरवून घ्यावयाचा गिअर बॉक्स. वाहनदुरुस्तीच्या इतिहासात या माणसाची जागा ही अशी खाली खाली जात राहिली.

याच काळात, याच जिल्ह्यात, दुसरीही एक व्यवस्था उभी राहात होती. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे ही एस.टी.ची पहिली गाडी धावली. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाबरोबर बुलढाणा जिल्हा मुंबई राज्यात आला. १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर, शेगाव, जळगाव जामोद या ठिकाणी आगारे झाली. आगार म्हटले की त्यात गाडी तपासण्याचा बांधीव खड्डा आलाच. मोठी कामे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जाऊ लागली. आगारातील यांत्रिकाची कंबर दुखत नाही, असे नव्हे. रात्रपाळी, जुन्या गाड्या, अपुरी माणसे ही दुखणी तेथेही आहेत. परंतु तो खड्ड्यात उभा राहू शकतो, त्याचे नाव हजेरीपटावर आहे, आणि त्याला रजा मागण्याची सोय आहे. आगाराच्या भिंतीच्या आतला फिटर आणि भिंतीबाहेरच्या टपरीतला फिटर एकाच जातीचे नटबोल्ट उघडतात. पण त्यांच्या कण्यांचे भवितव्य त्या एका भिंतीने वेगळे केले आहे.

भिंतीबाहेरच्या एका गॅरेजात आम्ही काही वर्षांपूर्वी दुपारभर बसलो होतो. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. अशी गॅरेजे शेकड्यांनी आहेत. उस्ताद चाळिशीचा असावा. तो बसला की उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकी आणि मग क्षणभर तसाच वाकून उभा राही. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा मागच्या कमानींचे पाटे काढीत होता. तो ते जमिनीवरून, पाय ताठ ठेवून, कमरेतून वाकून उचली. आम्ही उस्तादाला विचारले, "दुखते का हो कंबर?" तो हसला. म्हणाला, "दुखते तं खरं जी, पण सांगू कोणाले? गिऱ्हाईकाले सांगितलं तं तो दुसऱ्याकडे जाईन." मग पोराकडे बोट करून म्हणाला, "ह्याले अजून काही होत नाही. मलेबी होत नव्हतं."

'मलेबी होत नव्हतं' या तीन शब्दांत सारे शास्त्र आले आहे. ते शास्त्र थोडक्यात पाहू.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. १७०० साली त्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धंद्यातून होणाऱ्या रोगांची दोन कारणे त्याने सांगितली : एक, हाताळले जाणारे घातक पदार्थ, दुसरे, अनैसर्गिक आसने आणि शरीराच्या वेड्यावाकड्या, जोरकस हालचाली. रोग्याला तपासताना 'तुझा धंदा कोणता?' हा प्रश्न वैद्याने विचारलाच पाहिजे, हा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षे उलटली, पण कंबरदुखीची गोळी लिहून देताना हा प्रश्न आपल्या तालुक्यांच्या गावी किती वेळा विचारला जातो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

कण्यातील मणक्यांच्या मध्ये मऊ चकत्या असतात. अशी चकती फुटून शिरेवर दाब आणते आणि त्यातून पायात उतरणारी कळ निघते, हे १९३४ साली मिक्स्टर व बार या दोन अमेरिकन शल्यवैद्यांनी दाखवून दिले. पुढे १९६० नंतरच्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन याने जिवंत माणसाच्या कमरेच्या चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. ताठ उभे असताना जो दाब असतो, तो पुढे वाकल्याने वाढतो आणि वाकून ओझे उचलल्याने कितीतरी पट होतो, असे त्याला आढळले.

हे असे का होते, ते गॅरेजातल्या माणसाला समजावणे सर्वांत सोपे आहे, कारण तो दिवसभर तोच नियम वापरतो. जाम झालेला चाकाचा नट निघेना, की तो पान्याच्या दांड्याला लांब पाइप चढवितो. दांडा लांबला की थोड्या जोरात मोठे काम होते, ही तरफ. आता हीच तरफ उलटी करा. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. हातातला जिन्नस कण्यापासून पन्नास सेंटिमीटर पुढे धरला, तर तो दहापट लांब दांड्यावर लटकलेला आहे. वीस किलोच्या नगाला तोलून धरण्यास पाठीच्या स्नायूंना दोनशे किलोचा जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन त्यात आणखी निराळे. जो पाइप घालून माणूस नटाला हरवितो, तोच पाइप घालून ओझे माणसाला हरविते.

अमेरिकेतील नायॉश या सरकारी संस्थेने १९९१ साली आपले सूत्र सुधारले, तेव्हा सर्व परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगालगत, कमरेच्या उंचीवर, न वळता, चांगली पकड असताना आणि क्वचितच उचलावयाचे असताना, २३ किलो ही मर्यादा धरली. एकेक गोष्ट प्रतिकूल झाली की ही मर्यादा खाली येते. गॅरेजात यांपैकी एकही गोष्ट अनुकूल नसते.

केवळ कंबरच नव्हे. डोक्यावर हात धरून तासन्‌तास काम केल्याने खांद्याच्या शिरा घासतात. उकिडवे बसून गुडघे जातात. हवेवर चालणाऱ्या यंत्राच्या कंपनाने बोटे पांढरी पडतात आणि बधिर होतात. ॲलिस हॅमिल्टन या विदुषीने १९१८ साली इंडियाना प्रांतातील दगडफोड्यांत हा बोटांचा विकार पाहून नोंदविला होता. यांतला प्रत्येक विकार हळूहळू येतो. विशीत तो दिसत नाही, तिशीत तो झोपेत दुखतो आणि चाळिशीत तो धंदा सोडावयास लावतो. 'मलेबी होत नव्हतं' याचा हा अर्थ.

आता कायद्याने काय केले ते पाहू. कारण येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. अपघाताने झालेली इजा आणि परिशिष्टात नमूद असलेले रोग यांना त्याने भरपाई दिली. अपघाताला तारीख असते, वेळ असते, साक्षीदार असतो. जॅक घसरून हात चिरडला, तर तो अपघात. पण वीस वर्षे रोज थोडीथोडी झिजणारी चकती कोणत्या तारखेला फुटली म्हणावयाचे? १९४८ चा कारखाने कायदा निघाला. त्याच्या ३४ व्या कलमाने इजा होण्याजोगे अतिभारी ओझे कोणाकडूनही उचलवून घेण्यास मनाई केली. उत्तम कलम! परंतु त्या कायद्याने कारखाना म्हणजे काय हे ठरविले ते असे की, यंत्रशक्ती असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार असले पाहिजेत. चार माणसांचे गॅरेज त्या व्याख्येत बसले नाही. त्याच कायद्याला जोडलेल्या नोंद घ्यावयाच्या रोगांच्या यादीत शिसे होते, पारा होता, सिलिकोसिस होता, कंबर नव्हती. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने एका माणसाने वाहावयाच्या कमाल वजनाविषयी करार केला आणि त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो हा आकडा घातला. २०१० साली त्याच संघटनेने धंदेवाईक रोगांच्या आपल्या यादीत स्नायू व सांधे यांच्या विकारांना स्वतंत्र स्थान दिले. जगाने दुखणे मान्य केले. पण आपल्याकडे व्याख्येचा उंबरा खाली आला नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याचा मुख्य भाग दहा कामगारांपासून लागू करण्यात आला होता, आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या व्यवसाय-सुरक्षेच्या संहितेत तर कारखान्याचा उंबरा यंत्रशक्तीसह वीस व तिच्याविना चाळीस असा वर गेला.

पोरांच्या बाबतीत मात्र कायदा गॅरेजापर्यंत पोहोचला, हे सांगितले पाहिजे. १९८६ च्या बालकामगार कायद्याखालील निषिद्ध धंद्यांच्या यादीत मोटारदुरुस्तीची गॅरेजे पुढे घालण्यात आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यासच सर्वसाधारणपणे बंदी केली. ही गोष्ट चांगलीच झाली. तथापि जो पोरगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी आपल्या पायांनी गॅरेजात येतो, तो वाढत्या हाडांनिशी येतो, आणि त्याला ओझे कसे उचलावे हे दाखवितो तो ज्याची कंबर आधीच गेली आहे असा उस्ताद. धंद्याबरोबर धंद्याचे दुखणेही गुरूकडून शिष्याकडे जाते.

मग उपाय काय? येथे दोन सोप्या समजुतींपासून सावध राहिले पाहिजे. पहिली, 'माणसाला नीट उचलावयास शिकवा म्हणजे झाले' ही. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. ओझे उचलण्याच्या पद्धतीचा उपदेश केल्याने कंबरदुखी टळते, असा पुरावा त्यात आढळला नाही. गाडीखाली आडव्या पडलेल्या माणसाला 'पाठ ताठ ठेव' हे सांगणे म्हणजे बुडत्याला 'कपडे भिजवू नको' असे सांगण्यासारखे आहे. दुसरी समजूत कमरपट्ट्याची. धडधाकट माणसाची इजा पट्ट्याने टळते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही, असा निर्वाळा नायॉशने १९९४ साली दिला. पट्टा बांधून माणूस उलट अधिक उचलू पाहतो, हा धोका वेगळाच.

आमच्या इतिहासाने जो धडा दिला तो असा : जेव्हा जेव्हा कणा वाचला तेव्हा तो उपदेशाने वाचला नाही, काम माणसाच्या उंचीला आले म्हणून वाचला. सुताराच्या पुढ्यात चाक आले, इंजिनशेडमध्ये खड्डा आला, आगारात खड्डा आला. रस्त्याकडेच्या गॅरेजातही हेच झाले पाहिजे, आणि ते समजतो तितके महाग नाही.

ज्याची जागा स्वतःची आहे त्याने विटांचा एक खड्डा बांधावा. उभे राहिल्यावर डोके गाडीला लागणार नाही आणि हात खांद्याच्या फार वर जाणार नाहीत इतका खोल, उतरावयास पायऱ्या असलेला आणि काम नसताना फळ्यांनी झाकलेला. जेथे गॅस किंवा पेट्रोलची वाफ साचेल अशी गाडी त्यावर घेऊ नये. ज्याची जागा भाड्याची, त्याने लोखंडी तिकाटणे उभे करून त्याला चेन पुली टांगावी. गिअर बॉक्स पोटावर न घेता साखळीवर किंवा चाकांच्या जॅकवर उतरवावा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घोड्या लावल्यावाचून कोणी शिरू नये. हा नियम कण्याचा जितका, तितकाच प्राणाचा. ट्रकचे चाक उचलू नये, लोळवावे. चढविताना पहारीची तरफ करावी. जमिनीवर उघडून ठेवलेले इंजिन टेबलावर न्यावे, आणि टेबल उभ्या माणसाच्या कोपराच्या जरा खाली असावे. गाडीखाली जाणे टळतच नसेल, तर पोत्याऐवजी छोटी चाके लावलेली, डोक्याला उशी असलेली फळी घ्यावी. नट जाम असेल तर झटका देण्याआधी तेल सोडून थांबावे; पान्याचा दांडा लांब घ्यावा आणि शक्यतो आपल्याकडे ओढावा. वरच्या हातांचे काम अर्धा तास झाले की दुसरे धरावे. आणि जे दोघांचे ओझे आहे ते एकट्याने उचलून दाखविण्यात पौरुष आहे, ही समजूत उस्तादानेच पहिल्या दिवशी पोराच्या डोक्यातून काढावी. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, कळ पायात उतरू लागली, तर ती गोळीने दाबू नये. दवाखान्यात जाऊन धंदा सांगावा, वैद्याने विचारला नाही तरी सांगावा.

यावर उस्ताद म्हणेल, वेळ जातो आणि गिऱ्हाईक थांबत नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. येथे आपणा गिऱ्हाइकांची बाजू येते. गाडी आजच पाहिजे, असा हट्ट आपण धरतो. घोड्या लावण्यास लागणाऱ्या दहा मिनिटांची आपणांस घाई असते. मजुरीत घासाघीस करतो ती त्याच्या पाठीतून वसूल होते, हे आपल्या ध्यानी येत नाही. नगरपालिकेने ट्रकदुरुस्तीसाठी नेमलेल्या जागेत दोन-चार सामाईक खड्डे आणि एक यारी बांधून भाड्याने द्यावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार-यांत्रिकाच्या वर्गात कामाची उंची हा विषय पानापेंचिसाइतकाच आवश्यक मानावा, गॅरेजवाल्यांनी आपली संघटना करून व्याख्येचा उंबरा खाली आणण्याची मागणी करावी, या गोष्टी अशक्य नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा उघडला. तो मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांतून जातो. या नव्या रस्त्याच्या आसपास नवी गॅरेजे उघडतील. ती पुन्हा पोत्यावर उघडणार की खड्ड्यावर, हे अजून आपल्या हातात आहे.

श्रोतेहो, समारोप करतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळणारा आपला समाज आहे. बैल बोलत नाही, तरी त्याचा खांदा दुखत असेल हे आपण ओळखले आणि त्यासाठी वर्षाचा एक दिवस राखून ठेवला. गाडीखाली पडलेला माणूस तर बोलू शकतो. त्याने आम्हांला विचारलेला प्रश्न आम्ही आपणांपुढे ठेवला आहे : "दुखते तं खरं, पण सांगू कोणाले?" बैलाची जागा ट्रकने घेतली, लाकडी कण्याची जागा पोलादी कण्याने घेतली, तो पोलादी कणा झिजला तर बाजारात दुसरा मिळतो. त्या पोऱ्याच्या पाठीतला कणा मात्र एकदाच मिळतो. पुढच्या वेळी आपली गाडी त्याच्याकडे नेऊ तेव्हा, गाडीचे काय झाले हे विचारण्याच्या आधी, त्याला काम करावयास उभे राहण्याची जागा आहे ना, एवढे आपण पाहावे, अशी आमची विनंती आहे.